मिक्श्चर ऐकणारा माणूस

मुंबई नाक्याच्या सिग्नलला आम्ही थांबलो होतो. स्कूटर माझी, मागच्या सीटवर ते. सिग्नल सुटायला पंधरा-वीस सेकंद उरलेले असताना हे साठी उलटलेले गृहस्थ खाली उतरले, शेजारच्या रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "दादा, गाडी लय रिच चाललीय. प्लग काढून बघा, काळाकुट्ट असंल."

रिक्षावाला म्हणाला, "काका, सीएनजी हाय."

"मंग तर तुम्हाला अजून लाज वाटायला पायजे."

सिग्नल सुटला, मागून हॉर्नचा गदारोळ, मी ओरडतेय, "बसा हो आधी!" आणि ते निवांत, जणू देवळाच्या पायरीवरून उठावं तसे येऊन बसले. हे मी एकदा नाही, निदान वीस वेळा पाहिलंय. त्यातल्या पाच-सहा गाडीवाल्यांनी पुढच्या कोपऱ्यावर थांबून खरंच प्लग काढला होता. आणि तो काळा निघाला होता.

त्यांना सगळे चीफ म्हणत. मूळचे विंचूरकडचे. एका फ्लाइंग क्लबात तीसेक वर्षं विमानांची इंजिनं दुरुस्त करून निवृत्त झालेले. मी त्यांना काका म्हणायची, ते मला पोरी म्हणायचे, आणि पहिले दोन महिने मला ते डोळ्यांसमोर नको असायचे.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही खोटी विमानं बनवायचो. सिम्युलेटर. प्लायवूडची केबिन, आत खऱ्यासारखे काटे आणि खटके, समोर तीन मोठे पडदे. विमान शिकणारी मुलं खऱ्या विमानात बसण्याआधी यात हात बसवून घेतात. आम्ही सातजण होतो आणि इंजिनाचा प्रोग्रॅम माझ्याकडे होता. माझं शिक्षण कॉम्प्युटरचं, वय चोवीस, आणि विमानात मी तोवर एकदाही बसले नव्हते. पण अक्कल म्हणाल तर उतू चालली होती.

आमच्या साहेबांनी, म्हणजे शेडच्या मालकांनी, एक दिवस चीफना यंत्र बघायला बोलावलं. मी पडद्यांवर गंगापूर धरण लावून ठेवलं होतं, मागे ब्रह्मगिरी, वर छान ढग. म्हटलं, म्हातारा बघून गार होईल. ते आत बसले. पडद्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. समोर एक लाल दट्ट्या असतो, आतबाहेर सरकणारा. इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल किती मिसळायचं, म्हणजे मिक्श्चर, ते त्याच्यानं ठरतं. पूर्ण आत म्हणजे भरपूर पेट्रोल, ते रिच. बाहेर ओढत जाल तसं कमी, ते लीन. त्यांनी तो बोटभर ओढला, मान एका बाजूला कलती केली, थांबले. अजून बोटभर ओढला, थांबले. मग पूर्ण ओढला. इंजिन बंद पडलं. ते उठले.

"हे इंजिन नाय," म्हणाले, "पंखा हाय. बटण दाबलं की चालू, बटण दाबलं की बंद."

मला असा राग आला म्हणून सांगू! तीन महिने घासलेलं काम. मी म्हटलं, "काका, शिकणाऱ्या मुलांना एवढं कुठं कळतंय? त्यांना दट्ट्या कुठं आहे ते कळलं तरी पुष्कळ."

"म्हणूनच तर," ते म्हणाले. "ज्याला कळतं, त्याला खोटं चालतं. खोटं काय ते त्याला ठाऊक असतं. ज्याला कळत नाय, त्यो खोटंच खरं म्हणून वर घिऊन जाईल."

मी फाडकन लॅपटॉप मिटला. ते हसले. माझ्या डाव्या हाताची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर बसले, म्हणजे मी त्यांच्या उजवीकडे आले. "तू कायम ह्या बाजूला बस," म्हणाले. "डावा कान गेलाय. तीस वर्षं इंजिनाशी कान लावून काढली, त्यानं त्याचं भाडं घेतलं. उजव्याचं डॉक्टर म्हणतो, वर्षभर धरून चाला. त्याच्यापुढं देवाला ठाऊक, आणि आपला देवावर इश्वास नाय. म्हंजे आपल्याकडं एक वरीस हाय. कान हाय तवर ह्या यंत्रात माझं इंजिन घालून घे. नंतर मी कितीबी बोललो तरी ती नुसती म्हाताऱ्याची बडबड."

म्हणजे त्यांचं काम ठरलेलं होतं आणि मुदतही ठरलेली होती. साहेबांनी त्यांना सल्लागार म्हणून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ते गेटवर हजर. वॉचमनला जय भीम घातला आणि आत येऊन पहिलं वाक्य म्हणाले, "कालचा पंखा लाव."

मला मिक्श्चर कळलं ते मात्र शेडमध्ये नाही, त्यांच्या घरी, काकूंच्या ओट्यापाशी. मी आकडे मागायची, ते आवाज सांगायचे, आणि आमचं काही केल्या जमेना. शेवटी म्हणाले, "चल घरी." काकू चपात्या लाटत होत्या. यांनी तवा उचलून बाजूला ठेवला आणि खाली वाकून शेगडीच्या नळीवरची हवेची चकती फिरवली. ज्योत पिवळी झाली, लांब झाली, लवलवायला लागली. वर एक वाटी धरली तर बूड काळं. "ही रिच." चकती उलटी फिरवली. ज्योत निळी, आखूड, टोकदार. "ही बरोबर. बघ, आवाज हाय का? नाय. पोट भरलेलं माणूस बोलत नाय." अजून फिरवली. ज्योत बर्नर सोडून वर उचलली, फरफरली आणि विझली. "ही लीन. आता विमान वर गेलं असं समज. वर हवा पातळ. पेट्रोल तेवढंच येतंय. मंग कसली ज्योत व्हईल?"

"पिवळी," मी म्हटलं. "काजळी धरणार."

"म्हणून लाल दट्ट्या. वर जाशील तसं पेट्रोल कमी करत जायचं. पण किती? ते पुस्तक सांगत नाय. इंजिन सांगतं."

"अहो, तीस वर्षं विमानाला नवरा दिला," काकू म्हणाल्या, "आता शेगडीपण देऊ का? तवा ठेवा जागेवर!"

त्या दिवशी मी करपलेल्या दोन चपात्या खाल्ल्या आणि परत येऊन इंजिनाचा प्रोग्रॅम पहिल्यापासून लिहायला घेतला. तीन महिन्यांचं काम मी स्वतःच्या हातानं पुसलं. कुणी सांगितलं असतं तर भांडले असते.

त्यांच्या लेखी माणसंसुद्धा तीनच प्रकारची होती. आमचे साहेब रिच: बोलणं फार, धूर फार, ताकद बेताची. काकू बरोबर. मी लीन. "लय तापतीस तू. पेट्रोल कमी, आग जास्त. एखाद दिवस सिलिंडर फोडशील." फक्कड चहा झाला की "पीकवर हाय" म्हणायचे आणि जास्त साखरेच्या चहाला "प्लग काळे करणारा". सुरुवातीला मला हे सगळं माकडचेष्टेसारखं वाटायचं. मग लक्षात आलं की या माणसाला जगात दुसरं काही दिसतच नाही, आणि तरी त्याला जे दिसतं त्यात सगळं मावतं.

एप्रिलमध्ये त्यांनी मला खरं विमान दाखवायला नेलं. शहराबाहेरची धावपट्टी, दुपारचा एक, ऊन असं की पट्टीच्या पलीकडच्या बाभळी पाण्यात उभ्या असल्यासारख्या हलताहेत. तिथला आताचा मेकॅनिक त्यांचाच चेला. चाकांना ठोकळे लावले आणि आम्ही दोघं आत बसलो, उडायला नव्हे, इंजिन चालवून बघायला. मी हेडसेट चढवला तर म्हणाले, "एक कान उघडा ठेव. दोन्ही घालवायचे दिवस माझे होते."

थ्रॉटल, म्हणजे ताकद वाढवायचा दांडा, पूर्ण. लाल दट्ट्या पूर्ण आत. विमान जागच्या जागी थरथरतंय, माझे दात वाजताहेत. मला तर वाटलं, काय जोर आहे! ते माझ्याकडे बघून ओरडले, "कसं वाटतंय?" मी अंगठा दाखवला. त्यांनी मान हलवली, नाही. आणि दट्ट्या नखाएवढा बाहेर घेतला.

काही झालं नाही. अजून एक नख. आणि मग... काय सांगू? घशाशी आवंढा अडकलेल्या माणसानं तो एकदाचा गिळावा आणि मोकळा बोलायला लागावा, तसा त्या इंजिनाचा आवाज मोकळा झाला. मागाहून फेऱ्यांचा काटा वर चढला. थ्रॉटलला कुणी हात लावला नव्हता. पेट्रोल उलट कमी केलं होतं, आणि ताकद वाढली होती! ते अजून ओढत गेले. विमानाचं अंग शहारलं, धडपडलं. त्यांनी दट्ट्या जरासा आत सारला आणि सगळं पुन्हा गुळगुळीत. हे सगळं डोळे मिटून. आयुष्यभर काट्यांसमोर बसलेला माणूस काट्याकडे बघत नव्हता. मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. इतकं सुखी तोंड मी लग्नाच्या मांडवातसुद्धा बघितलेलं नाही.

खाली उतरल्यावर म्हणाले, "पुस्तकात लिवलंय, तीन हजार फुटांच्या वर लीन करा. पुस्तक लिवलं थंड देशात. हितं एप्रिलची दुपार म्हंजे हवा उन्हानं इतकी पातळ की इंजिनाला वाटतं, आपण जमिनीवर नाय, डोंगरावर हाय. पोरं पुस्तकाप्रमाणं दट्ट्या आत ठेवून पळतात. पट्टी संपत येते, इमान उठंना. एकदा एक पोरगं असंच निघालं. मी हितं उभा. आवाजावरून कळलं मला, रिच हाय, घुसमटलंय. मी हितनं बोंबलतोय, ओढ, ओढ! त्याला काय ऐकू येतंय?"

"मग?" मी विचारलं.

"गेलं. त्या बाभळींच्या डोक्यावरून. खाली आलं तवा चाकात डहाळी अडकली होती. पोराला पत्ताच नाय. हसत उतरलं." त्यांनी कपाळाचा घाम पुसला. "तुझ्या यंत्रात ते पोरगं आधी फसायला पायजे. तितं बाभळीत पडलं तर नुसता पडदा लाल होतो."

त्यानंतर मी त्यांच्याशी कधी वाद घातला नाही. बरं, खोटं कशाला बोलू, घातला, पण मनातून नाही.

मग आमचं काम असं चालायचं: मी प्रोग्रॅममध्ये आकडे बदलायची, ते उजवा कान स्पीकरकडे करून बसायचे, आणि बोलायचे. "घुसमटतंय." "आता गिळतंय." "कोरडा खोकला हाय, थोडं पेट्रोल दे." "हां, गळा सुटला." मी वहीत एका बाजूला त्यांचे शब्द आणि दुसऱ्या बाजूला माझे आकडे लिहायची. पावसाळा गेला, दिवाळी गेली. विमान शिकवणाऱ्या एका संस्थेची मोठी ऑर्डर आली आणि साहेबांनी जानेवारीची तारीख देऊन टाकली. इकडे "परत लाव" चीफकडून जास्त वेळा यायला लागलं. मी काहीतरी विचारावं आणि त्यांनी भलतंच उत्तर द्यावं, असंही व्हायला लागलं. मी आवाज वाढवत नेला. शेजारच्या शेडमधून तक्रार आली की तुमचं विमान जरा लांब उडवा.

आणि मग तो दिवस. डिसेंबरातली सकाळ, ते नेहमीसारखे बसलेले, दट्ट्या ओढताहेत, काट्यावर नजर. "गळा जरा दाटलाय," म्हणाले. "आता सुटला." "आता बघ, खोकेल." मी लिहून घेत होते. लिहिता लिहिता मला जाणवलं की शेडमध्ये शांतता आहे. कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर तेवढी ऐकू येतेय. मी वाकून बघितलं, तर स्पीकरची वायर निघालेली.

मी ती गुपचूप लावायला गेले. त्यांनी बघितलं. वायर माझ्या हातातून घेतली, तिचं टोक निरखून पाहिलं.

"कवापासून?"

मी वहीत लिहून दाखवलं: सकाळपासूनच असणार.

ते बाहेर जाऊन कंपाउंडच्या भिंतीला टेकून बसले. मी चहा घेऊन गेले, तर म्हणाले, "काटा बघितला की आवाज आपोआप येतो गं डोक्यात. आतापतुर मला वाटत होतं, कानातनं येतोय." मी तिथेच रडायला लागले. त्यांनी कप हातात घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "लीन झालीस. पाणी वाया घालवू नको." पण चहा त्यांनी प्यायला नाही.

मला वाटलं, आता येणार नाहीत. दुसऱ्या दिवशी दहाला हजर. हातात जुन्या कॅलेंडरची पानं शिवून केलेली वही. ती माझ्यापुढं टाकली. "आजपासून तू ऐक आन् ह्यात लिव. मी काटा बघतो."

जानेवारीत तारीख आली. शेडच्या दारात ट्रक उभा, ड्रायव्हर दोर सैल करून बसलेला. त्या संस्थेचा एक कागद होता: यंत्राचं इंजिन खऱ्यासारखं वागतं, असं जाणकारानं लिहून द्यायचं. साहेब तो कागद घेऊन सकाळपासून चीफच्या मागे, हातवारे करून सांगताहेत. "चीफ, काटे तर सगळे बरोबर आहेत. फक्त सही. ट्रक खोळंबलाय."

चीफ केबिनमध्ये बसले, मी त्यांच्या उजवीकडे. इंजिन लावलं, एप्रिलचं ऊन लावलं, थ्रॉटल पूर्ण. ते दट्ट्या नखानखानं ओढत गेले. घुसमट सुटली, आवाज मोकळा झाला, काटा चढला. अगदी तसंच! अजून ओढला, इंजिन धडपडलं. त्यांनी आत सारला, गुळगुळीत झालं. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "कसं वाजतंय?"

त्यांच्या पाठीमागे साहेब उभे होते. त्यांनी मला दोन्ही अंगठे दाखवले.

आणि खरं सांगते, वाजत छान होतं. पण काहीतरी टोचत होतं. मी खूण केली, परत. त्यांनी परत ओढला. धडपडलं. आणि मला कळलं. इंजिनाचे चारही सिलिंडर एकदम धडपडत होते. एकाच दगडाला चौघांनी एकाच वेळी ठेच खावी तसे. खऱ्या विमानात तसं झालं नव्हतं. तिथे आधी एकजण अडखळला होता, मग दुसरा, त्यांची पावलं चुकत गेली होती, म्हणून तर विमानाचं अंग शहारलं होतं. पेट्रोल सगळ्यांना सारखं पोचत नसणार. ज्याला कमी पोचतं तो आधी उपाशी पडतो. हे चीफनी मला कधी सांगितलं नव्हतं. त्यांना ते इतकं सवयीचं असेल की सांगायचं सुचलंच नसेल. आणि आता ते त्यांना ऐकू येणार नव्हतं. मी मान डोलावली असती तर जगात कुणालाच कळलं नसतं.

मी वहीत लिहिलं, 'चुकतंय.'

"अगं!" साहेब मागून म्हणाले.

चीफनी वाचलं. "काटा तर बरोबर हाय. चुकतंय म्हंजे कसं?"

मी लिहायला लागले आणि थांबले. आवाज कसा लिहायचा? मग मी वही टाकली, त्यांचा उजवा हात माझ्या मांडीवर उताणा ठेवला आणि त्या राठ, तेलानं कायमच्या काळ्या झालेल्या तळव्यावर माझी चार बोटं वाजवायला लागले. एकामागून एक, भरभर. मग चारही एकदम अडखळवली. यंत्राकडे बोट दाखवलं: हे असं करतंय. मग पुन्हा सुरू केलं, आणि या वेळी आधी करंगळी चुकवली. बाकीची तिघं चालू. मग तर्जनी चुकवली. मग सगळ्यांचीच धांदल. आणि मग हळूहळू चौघांनाही परत तालावर आणलं.

त्यांनी डोळे मिटले होते.

"हां," म्हणाले. "हाच. हाच त्यो." मग डोळे पुसून म्हणाले, "हे मी तुला कवा सांगितलं?"

मी मान हलवली, कधीच नाही. माझ्या कानाकडे बोट केलं.

त्यांनी साहेबांकडे हात करून तो कागद मागून घेतला. साहेबांचं तोंड खुललं, त्यांनी पेनाचं टोपणसुद्धा काढून दिलं. चीफनी कागद माझ्यापुढं ठेवला आणि पेन माझ्या हातात दिलं. "सही जाणकाराची पायजे," म्हणाले. "मला काय ऐकू येतंय?"

मी 'नापास' लिहिलं आणि खाली सही केली. साहेब कपाळाला हात लावून ट्रकवाल्याला परत पाठवायला बाहेर गेले. मला वाटलं, आता चीफ उठतील, मोठ्यानं काहीतरी बोलतील, निदान मला चिडवतील. ते उठले नाहीत. त्यांनी तळहात पुन्हा माझ्यापुढं केला.

"अजून एकदा चालू कर," म्हणाले. "हळूहळू लीन करत ने."

मी त्यांच्या हातावर इंजिन चालू केलं.